गावाला वळसा घालून गेलेली रेल्वे : एलिस, निकोडेमस आणि बोग

#धागा #इतिहास

१/ अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात निकोडेमस आणि बोग ही दोन अगदी लहान गावे आहेत. दोहोंमधील अंतर जेमतेम ५-६ मैल, म्हणजे ८-९ किलोमीटर. आज मोटारीने हा प्रवास दहा मिनिटांचा आहे. १८८८ मध्ये मात्र याच अंतराने निकोडेमसचे भवितव्य ठरवले. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या ज्या माणसांनी हे गाव वसवले, ती शेकडो मैलांचा प्रवास करून आली होती आणि त्यातील शेवटचे ५० किलोमीटर तर त्यांनी ओसाड माळ तुडवत पार केले होते. अशा माणसांचे गाव ८-९ किलोमीटरांपुढे का हरले, याची ही हकिकत.

२/ प्रारंभ करावा लागतो १८६५ पासून. यादवी युद्ध संपले, अमेरिकेच्या संविधानातील १३व्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली आणि सुमारे ४० लाख माणसे कायद्याने मुक्त झाली. मुक्ती मिळाली, पण जमीन मिळाली नाही. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे पूर्वीच्याच मालकांची शेते अर्धेलीने कसू लागली. बियाणे उधार, अवजारे उधार, वर्षअखेरीस हिशेब मालकाच्या वहीत. त्यातच १८७७ मध्ये दक्षिणेत उरलेल्या संघराज्याच्या फौजा माघारी घेण्यात आल्या. मतदानाचा हक्क कागदावर राहिला, पण त्याचे रक्षण करणारे कोणी उरले नाही.

३/ या घडामोडींचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्या अर्पणपत्रिकेनंतर अवघ्या ४ वर्षांनी, ज्यांच्या मुक्तीचा तिथे गौरव झाला होता त्यांच्यापैकीच काही कुटुंबे केंटकी राज्यातून बोचकी बांधून पश्चिमेकडे निघाली. कायद्याने मिळालेल्या मुक्तीला हक्काच्या जमिनीची जोड मिळावी, हा त्यांच्या प्रवासाचा हेतू होता.

४/ पश्चिमच का? १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार सरकारी जमिनीचा १६० एकरांचा तुकडा नाममात्र शुल्क भरून मागता येई. तिथे ५ वर्षे राहून जमीन कसली की ती मालकीची होई. शिवाय कॅन्ससला एक वेगळी प्रतिष्ठा होती. १८५० च्या दशकात गुलामगिरीविरोधकांनी याच भूमीवर रक्तरंजित संघर्ष केला होता आणि १८६१ मध्ये कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले होते. जॉन ब्राऊनचे नाव या भूमीशी जोडलेले होते. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या मनात कॅन्सस हे आशेचे दुसरे नाव झाले होते.

५/ एप्रिल १८७७ मध्ये ‘निकोडेमस टाऊन कंपनी’ स्थापन झाली. तिच्यामागे डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यावसायिक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ, सायमन राऊंडट्री आदी कृष्णवर्णीय सहकारी होते. कंपनीने जाहिरातपत्रके काढली. सॉलोमन नदीच्या खोऱ्यातील सुपीक जमीन, उत्तम हवामान आणि स्वतःचे गाव, असे चित्र केंटकीतील चर्चांमधून आणि सभांमधून मांडले गेले. त्या चित्रात खोटे फारसे नव्हते. पण त्या जमिनीवर अद्याप एकही घर, एकही विहीर, एकही झाड नाही, हे सांगायचे राहून गेले होते.

६/ गावाच्या नावाबद्दल दोन मते आहेत. एक मत असे की, ते बायबलमधील निकोडेमसवरून आले. दुसरे मत असे की, स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेणाऱ्या एका गुलामाच्या दंतकथेवरून ते पडले. निकोडेमस नावाच्या गुलामावरचे एक गाणे १८६४ पासून अमेरिकेत लोकप्रिय होते आणि कंपनीच्या जाहिरातींतही त्याचा आधार घेतलेला दिसतो. दोन्हींपैकी कोणतेही मत स्वीकारले, तरी नाव निवडणाऱ्यांच्या मनात पुनर्जन्माची कल्पना होती, हे स्पष्ट आहे.

७/ आता नकाशावरील पहिले अंतर पाहू. निकोडेमसला रेल्वे नव्हती. जवळचे सोयीचे स्थानक होते एलिस. एलिस हे रेल्वेनेच जन्माला घातलेले गाव. कॅन्सस पॅसिफिक रेल्वेचा मार्ग १८७० मध्ये डेन्व्हरपर्यंत पोहोचला आणि त्या मार्गावर एलिसला इंजिनांच्या दुरुस्तीचे ठाणे उभे राहिले. पगारदार कामगार आले, त्यांच्यामागून दुकाने आली, दुकानांमागून वस्ती वाढली. निकोडेमस एलिसच्या उत्तरेस सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरवर होते. मध्ये सलाइन नदी, पुढे सॉलोमन नदीचा दक्षिण प्रवाह आणि उरलेले सगळे गवत.

८/ जुलै १८७७ मध्ये सुमारे ३० जणांची पहिली तुकडी निकोडेमसला पोहोचली. सप्टेंबरमध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन परिसरातून ३०० हून अधिक माणसांचा मोठा जथा आला. केंटकीपासून एलिसपर्यंतचे अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. ते रेल्वेने काही दिवसांत कापले गेले. एलिसपासून पुढे मात्र रस्ता असा नव्हताच. काहींना भाड्याच्या गाड्या मिळाल्या, अनेकांनी सामान गाडीत टाकून स्वतः पायपीट केली. या टप्प्याला साधारण २ दिवस लागत. म्हणजे १,३०० किलोमीटरांपेक्षा हे ५० किलोमीटर अधिक दूरचे होते.

९/ या प्रवासाचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन विलियाना हिकमन यांचे आहे. त्या १८७८ च्या वसंतात पती डॅनियल हिकमन या धर्मोपदेशकाबरोबर आल्या. एलिसला मुक्काम पडला असताना गोवराची साथ पसरली आणि जथ्यातील काही मुले दगावली. त्यांना तिथेच पुरून मंडळी पुढे निघाली. दिशेसाठी होकायंत्र, वाटेसाठी हरणांच्या आणि गव्यांच्या पायवाटा. रात्री जनावरे जवळ येऊ नयेत म्हणून शेकोट्या पेटवल्या जात. दुसऱ्या दिवशी पुरुषांनी ओरडून सांगितले की, निकोडेमस आले. विलियाना यांनी पाहिले, तर समोर घर दिसेना. जमिनीतून मात्र धूर येत होता.

१०/ तो धूर घरांचाच होता. त्या माळावर इमारती लाकूड नव्हते, म्हणून लोकांनी टेकाडाच्या उतारात खड्डे कोरून त्यांतच संसार थाटले होते. वर फांद्या, गवत आणि मातीची ढेकळे यांचे छप्पर, एका कोपऱ्यात चूल, बाहेर डोकावणारे धुराडे. माणसे अशा बिळांमध्ये राहत आहेत हे कळल्यावर आपल्याला रडू कोसळले, असे विलियाना यांनी उतारवयात सांगितले आहे. त्या एकट्याच निराश झाल्या नव्हत्या. आल्या पावली परत फिरलेली कुटुंबेही होती. पण परतण्यासाठीसुद्धा गाडीभाडे लागते. ते ज्यांच्याकडे नव्हते आणि ज्यांना परतायचेच नव्हते, ते राहिले. हिकमन कुटुंबही राहिले.

११/ १८७७-७८ चा पहिला हिवाळा कठीण गेला. मोठा जथा पेरणीचा हंगाम उलटल्यावर आलेला, त्यामुळे पीक नव्हते. सरपण म्हणून वाळलेले शेण आणि सूर्यफुलांचे दांडे जाळले जात. गावाच्या परंपरागत आठवणींत एक प्रसंग आवर्जून सांगितला जातो : शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्या शिकारीतला वाटा या उपाशी वस्तीला दिला. या प्रसंगाला एक कडवट किनार आहे. ओसेज हे मूळचे याच प्रदेशाशी नाते असलेले लोक. १८७० च्या दशकाच्या आरंभीच त्यांना कॅन्ससमधून हलवून आजच्या ओक्लाहोमात पाठवण्यात आले होते. एका विस्थापित समाजाने दुसऱ्याला जगवले. ज्या ‘मोकळ्या’ जमिनीवर निकोडेमस उभे राहिले, ती आधी मोकळी करवून घेतलेली होती.

१२/ वसंत आला तेव्हा नांगर आणि जनावरे मोजकीच होती. अनेकांनी कुदळ-फावड्यांनी माळ फोडला. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली ती जमीन एकरा-एकराने वश झाली. निसर्गाचा हिशेबही उलटा होता. निकोडेमस १००व्या रेखांशाच्या किंचित पूर्वेस आहे. या रेषेच्या आसपास पाऊस इतका कमी होतो की, केवळ पावसावरची शेती भरवशाची राहत नाही. अशा कोरड्या प्रदेशात १६० एकरांचा मापदंड चालणार नाही, हे भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी सरकारला सादर केलेल्या अहवालात १८७८ मध्येच बजावले होते. त्याच वर्षी निकोडेमसचे शेतकरी आपले पहिले वाफे तयार करत होते.

१३/ तरीही गाव उभे राहिले. बिळांच्या जागी मातीच्या ढेकळांची घरे आली, मग स्थानिक चुनखडीच्या दगडाच्या आणि लाकडाच्या इमारती आल्या. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे किराणा दुकाने, हॉटेल, औषधांचे दुकान, शाळा आणि चर्च होती. काही व्यापारी गोरेही होते. झॅकरी फ्लेचर हे आरंभीचे टपालप्रमुख आणि हॉटेलचालक. १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि १८८७ मध्ये ‘निकोडेमस एंटरप्राइझ’ अशी दोन वर्तमानपत्रे निघू लागली. एवढ्याशा गावात दोन वर्तमानपत्रे! बिळात राहून दिवस काढलेल्यांनी दहा वर्षांत मिळवलेले हे यश होते.

१४/ या गावाने राज्याला एक नेताही दिला. एडवर्ड मॅककेब १८७८ मध्ये निकोडेमसला आले, ग्रॅहम परगण्याच्या प्रशासनात त्यांनी काम केले आणि १८८२ मध्ये ते कॅन्सस राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. त्या राज्यात राज्यस्तरीय पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. दक्षिणेत मतदानकेंद्रावर जाणेही जिवावर बेतत होते त्या काळात, जमिनीत कोरलेल्या घरांच्या गावातील माणूस राज्याच्या तिजोरीचा हिशेब तपासत होता. निकोडेमस म्हणजे केवळ निर्वासितांची वस्ती नव्हती, याचा याहून चांगला पुरावा नाही.

१५/ आता प्रश्न रेल्वेचा. भरलेली घोडागाडी कच्च्या वाटेने माणसाच्या चालीहून फार वेगाने जात नाही. एलिसचे स्थानक दूर असले की गहू पोहोचवण्यात आणि परत येण्यात कित्येक दिवस मोडतात. वाहतुकीचा खर्च धान्याच्या किमतीतून वजा होतो आणि बाहेरून येणारे मीठ, रॉकेल, कापड, इमारती लाकूड त्याच प्रमाणात महागते. म्हणून मैदानी प्रदेशातील प्रत्येक गावाचे एकच स्वप्न असे : रेल्वे आपल्या दारातून जावी. निकोडेमसच्या दोन्ही वर्तमानपत्रांनी हा विषय लावून धरला होता.

१६/ रेल्वे कंपन्यांना हे स्वप्न चांगले माहीत होते आणि त्या त्याची किंमत वसूल करत. मार्ग कोणत्या गावातून न्यायचा हे ठरवण्याआधी गावांकडून रोख्यांची हमी मागितली जाई. म्हणजे गावाने कर्ज उभारून कंपनीला द्यायचे आणि ते पुढची अनेक वर्षे करांतून फेडायचे. शेजारशेजारची गावे एकमेकांशी बोली लावत. १८८७ मध्ये निकोडेमसच्या मतदारांनी मिसूरी पॅसिफिक रेल्वेसाठी १६,००० डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. दशकापूर्वी ज्यांच्याकडे परतीचे गाडीभाडे नव्हते, त्यांच्यासाठी हा आकडा किती मोठा होता, हे सांगायला नको.

१७/ रेल्वे आली नाही. मिसूरी पॅसिफिकचा फाटा पूर्वेकडील स्टॉकटन या गावी थांबला. निकोडेमसपासून हे अंतर सुमारे २० मैल. आशा उरली ती युनियन पॅसिफिकची, जिच्यात कॅन्सस पॅसिफिक १८८० मध्येच विलीन झाली होती. १८८८ मध्ये या कंपनीचा नवा फाटा परगण्यात शिरला, पण तो सॉलोमनच्या दक्षिण काठाने पुढे सरकला. निकोडेमस उत्तरेला होते. नदीच्या पलीकडे, ५-६ मैलांवर, रुळांच्या कडेला कामगारांचा तळ पडला, स्थानक उभे राहिले आणि त्याभोवती नवे गाव आकार घेऊ लागले. तेच बोग.

१८/ मग जे घडले ते तर्काला धरूनच घडले. शेतकरी गहू घेऊन बोगच्या स्थानकावर जाणार. गाडी रिकामी झाली की परतीचे सामान तो तिथेच भरणार. दुकानदाराचे गिऱ्हाईक स्थानकाशी आणि दुकान मात्र नदीच्या अलीकडे, अशी स्थिती झाली. निकोडेमसचे व्यापारी एकामागून एक पलीकडे गेले. १८८८ संपेपर्यंत दोन्ही वर्तमानपत्रे बंद पडली होती. गोवर, दुष्काळ, उपासमार यांना पुरून उरलेल्या बाजारपेठेला हलवायला एक हंगाम पुरला.

१९/ रेल्वेने निकोडेमसला टाळले ते वर्णभेदामुळे का? इतिहासकारांत यावर मतभेद आहेत. त्या काळात मैदानी प्रदेशातील असंख्य गोऱ्या गावांचाही असाच अंत झाला. कंपन्यांना उतार, पूल आणि अनुदान यांचे गणित महत्त्वाचे होते. हे खरे. पण त्या गणितात सगळ्यांचे भांडवल सारखे नव्हते, हेही तितकेच खरे. गोऱ्या गावाच्या प्रवर्तकाला बँका, आमदार आणि कंपनीची कचेरी यांच्यापर्यंत जी वाट होती, ती नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्यांना नव्हती. हानी झाल्यावर सावरण्यासाठी लागणारी पिढीजात पुंजीही नव्हती. धक्का सारखाच बसला तरी तो पेलण्याची ताकद सारखी नसते.

२०/ बाजारपेठ गेली, गाव मात्र पुसले गेले नाही. भोवतालच्या शेतांवर कुटुंबे टिकून राहिली. चर्च आणि शाळा चालत राहिल्या. १९३० च्या दशकातील दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी मात्र पुन्हा मोठी गळती लावली. तरुण मंडळी डेन्व्हर, टोपेका, कॅन्सस सिटी अशा शहरांकडे गेली. १९५३ मध्ये टपाल कार्यालय बंद झाले. झॅकरी फ्लेचर यांच्या काळापासून चालत आलेला तो धागा तुटला, तेव्हा गावात मोजकीच माणसे उरली होती.

२१/ रेल्वेने ज्यांना जवळ केले त्यांचे काय झाले? एलिसमध्ये आज २,००० च्या आसपास लोक राहतात. तिथल्या रेल्वे कार्यशाळेत उमेदवारी करणारा एक मुलगा पुढे मोटारींच्या धंद्यात गेला आणि १९२५ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली : वॉल्टर क्रायस्लर. त्याचे बालपणीचे घर एलिसमध्ये जतन केलेले आहे. बोगची कथा वेगळी. ज्या गावाने निकोडेमसचा बाजार ओढून घेतला, त्याची लोकसंख्या आज १५० च्या घरात आहे. मोटारी आल्या, शेते मोठी झाली, माणसे कमी झाली आणि नुसते स्थानक असणे पुरेसे राहिले नाही.

२२/ निकोडेमसचे पुढचे पर्व स्मरणाचे आहे. १९७६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला आणि १९९६ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीतील ऐतिहासिक स्थळ झाले. दोन चर्च, फ्लेचर यांचे जुने हॉटेल, शाळा आणि ग्रामसभागृह अशा ५ इमारती आज जतन केल्या जात आहेत. पश्चिमेकडील स्थलांतराच्या काळात कृष्णवर्णीयांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस वसवलेल्या वस्त्यांमध्ये आजवर टिकून असलेली सर्वांत जुनी वस्ती म्हणून ते ओळखले जाते.

२३/ दरवर्षी जुलैच्या अखेरीस, मुक्तिदिनाच्या निमित्ताने, देशभर विखुरलेले वंशज निकोडेमसला परततात. वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मुक्तीचा दिवस, १ ऑगस्ट १८३४, हे या उत्सवाचे मूळ. एरवी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे असलेले गाव त्या दोन-तीन दिवसांत शेकडोंनी गजबजते. मिरवणूक निघते, चर्चमध्ये प्रार्थना होते, एकत्र पंगती बसतात.

२४/ नकाशा अंतर दाखवतो, पण ते कोणाला किती पडते हे दाखवत नाही. केंटकी ते एलिस १,३०० किलोमीटर, ते तिकिटाने सुटले. एलिस ते निकोडेमस ५० किलोमीटर, ते पायांनी सुटले. निकोडेमस ते बोग ८-९ किलोमीटर, ते मात्र ना कष्टाने सुटले, ना १६,००० डॉलरच्या मंजुरीने. कारण रूळ कुठे टाकायचे हा निर्णय त्या गावाच्या हातात कधीच नव्हता. एलिसहून उत्तरेकडे आज डांबरी रस्त्यांनी तासाभरात निकोडेमस गाठता येते. जुलैअखेरीस परतणाऱ्यांपैकी काहींच्या पणजोबा-पणजींनी त्याच माळावर होकायंत्र हातात धरून दोन दिवस काढले होते.

(धागा समाप्त)